गोठ्याच्या वळणाची भिंत

चान्तुरा, ९ जानेवारी

प्रिय बार्बला,

फ्लुरिनचं नाव पक्कं झालं. संघाचा प्रशिक्षक लिनार्ड काल संध्याकाळी स्वतः आमच्या खोपटापर्यंत येऊन सांगून गेला. स्केलेटनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तुमच्या देशाकडून तिघं उतरणार, त्यातलं तिसरं नाव फ्लुरिन काफ्लिश. छापील यादी दोन दिवसांनी लागेल, पण लिनार्ड उगाच बोलणारा माणूस नाही. मुलाने तुला आधीच कळवलं असेल, तरी हे माझ्याकडूनही यावं असं वाटलं.

१३ आणि १४ फेब्रुवारी, दोन दिवसांत चार फेऱ्या. त्याआधीचा आठवडा बसून घसरणाऱ्या बॉबवाल्यांचा, मग पालथं पडून घसरणारे हे स्केलेटनवाले. दुरी गेला त्यानंतर सतरा वर्षं चान्तुराला जागतिक स्पर्धा आलीच नव्हती. आता आली, तर तीत त्याचाच मुलगा. गावात लोक याबद्दल माझ्याशी बोलताना आवाज खाली आणतात.

आम्ही विन्शगाउ खोऱ्यातले चौदा मजूर नोव्हेंबरअखेर खिंड ओलांडून आलो. यंदा हिम चांगलं पडलं, कोरडं आणि भरपूर. काम तेच, घसरगाड्यांसाठी बर्फाची वाट बांधायची. हिमात पाणी कालवायचं, फावड्याने गिलाव्यासारखं थापायचं, गोठू द्यायचं, रंध्याने तासायचं. सतराशे मीटर. मार्चअखेर सगळं ओढ्यात वाहून जाणार हे माहीत असून. गोठ्याचं वळण मी नेहमीप्रमाणे शेवटी बांधलं, आणि नेहमीप्रमाणे एकट्याने. आमच्यात कास्सियान म्हणून एक वात्रट आहे. तो म्हणतो, म्हाताऱ्याने त्या भिंतीशी लग्न लावलंय, मध्ये कुणी जाऊ नका.

परवा खेळाडू ट्रॅक पायी बघून गेले. सरावाआधी सगळेच जातात, भिंतींना हात लावत. फ्लुरिन या ट्रॅकवर पहिल्यांदाच आलाय. तो गोठ्यापाशी थांबला, हातमोजा काढला आणि बर्फावर तळवा टेकून बराच वेळ उभा राहिला. पाठमोरा अगदी दुरी.

सफरचंदांची पेटी पोचली असेल. वरच्या थरातली लवकर खा, खालची टिकतील.

तू येशील का? जागा मी बघून ठेवीन.

तुझा,
इग्नाट्स टेल्सर

*

कूर, १४ जानेवारी

प्रिय इग्नाट्स,

पेटी पोचली. सतरा वर्षांत एकदाही चुकली नाही, आणि सतरा वर्षं तुम्ही तेच लिहिता, वरची आधी खा. मला सफरचंदं खाता येतात हो.

बातमी मला रविवारी जेवतानाच कळली होती. फ्लुरिनने ती बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवता सरकवता सांगितली, जशी काही दुकानाची वेळ बदललीय. मी म्हटलं, बरं. त्याने विचारलं, एवढंच? मी म्हटलं, वाढून घे, गार होतंय. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मी येणार नाही. चान्तुराचं स्टेशन मी त्यानंतर पाहिलेलं नाही आणि पाहायचंही नाही. दुकानात गिऱ्हाइकं असतात, शनिवारी तर बायका रांग लावतात. केस कापताना कान मोकळे असतात, म्हणून कोपऱ्यातला रेडिओ मी त्या दोन दिवसांसाठी दुरुस्तीला टाकणार आहे.

दुरीचं सगळं सामान मी तेव्हाच वाटून टाकलं होतं, तुम्हाला माहीत आहे. घरात त्याचा एकच कागद आहे, चौकशी समितीचा. तीन ओळी. चालक वळणातून उतरायला उशिरा, भिंत मापात, इतर दोष आढळला नाही. पहिली काही वर्षं तो मी रोज वाचायचे. उशिरा. दुरी कशालाच वेळेवर नसायचा, लग्नालासुद्धा. म्हणून मला तो शब्द खरा वाटला, आणि खरा वाटला म्हणून जगता आलं.

एकच मागणं आहे. तुम्ही तिथे रोज असता. त्याच्यावर नजर ठेवा. तुमच्याइतकं ते वळण कुणालाच कळत नाही.

बार्बला

*

चान्तुरा, २४ जानेवारी

प्रिय बार्बला,

नजर ठेव म्हणालीस, म्हणून लिहितो. लिहावं की नाही यात चार दिवस गेले.

सराव सुरू झालाय. भिंतींवर आम्ही रोज संध्याकाळी पाणी मारतो. सकाळी त्या काचेसारख्या होतात. पहिल्या सरावानंतर मी गोठ्याच्या भिंतीपाशी गेलो, तर शेवटून दोन पावलं अलीकडे, वरच्या काठाच्या हातभर खाली, गाडीच्या लोखंडी पात्याचा ओरखडा होता. लांब, खोल, वर काठाकडे गेलेला. ती जागा मी ओळखतो, बार्बला. दुरी गेला त्या वर्षी ओरखडा तिथेच होता.

मी तो तासून काढला, पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही.

आधी वाटलं, माझ्या हातून भिंतच चुकली. शरद ऋतूत जमीन गोठायच्या आत प्रत्येक वळणाच्या खुंट्या मापाने ठोकतात आणि त्यांच्यावरूनच आम्ही भिंत उचलतो. मी फीत घेऊन तीनदा मोजलं. चौथ्यांदा कास्सियानला मोजायला लावलं, कारण माझ्या हातांवर माझा भरवसा राहिला नव्हता. सगळं मापात आहे. बोटभरही फरक नाही.

खोपटात पोरांची चेष्टा चालू झाली. कास्सियान म्हणाला, जुना गडी सरावाला येतोय वाटतं. येऊ दे, पण खाली वेळ नोंदवून सही करून जा म्हणावं. सगळे हसले. आता संध्याकाळी गोठ्यावर पाणी मारायला एकटं कुणी जात नाही, मी सोडून. आणि दुपारी ट्रॅक बंद असताना मला वरून गाडी येताना ऐकू येते. पात्यांची ती घरघर आधी झाडांत, मग भिंतीत. मी काठावर थांबतो. काही येत नाही.

काल मी पूर्ण सराव तिथेच उभा राहून पाहिला. बावीस खेळाडू. एकवीस जण भिंतीवर चढले आणि तिच्या टोकाशी स्वच्छ उतरले. ओरखडा एकट्या फ्लुरिनचा आहे. तो भिंतीवरून फार लवकर खाली येतो, गाडी तळाला आपटून पुन्हा वर चढते आणि काठाला घासून जाते. तो पालथा, डोकं पुढे. हेल्मेट आणि काठ यांत काल दोन बोटं होती.

त्याला असं उतरायला कुणी शिकवलं? लिनार्ड म्हणतो, मी नाही.

इग्नाट्स

*

कूर, २८ जानेवारी

प्रिय इग्नाट्स,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा राग आला. ओरखडे, घरघर, जुना गडी. चौदा दांडगे पुरुष एका खोपटात दोन महिने राहिले की हेच होतं. माझा नवरा ही तुमच्या माणसांची पाणी मारायच्या वेळची करमणूक नाही. त्या कास्सियानला सांगा, एकदा कूरला ये, केस मी स्वतः कापीन, आणि कात्री बोथट असेल.

पण तुम्ही विचारलंत, तर मलाही एक कबूल करायला हवं. सामान वाटून टाकलं हे खरं नाही. एक वही ठेवली होती. दुरी प्रत्येक सरावानंतर वळणागणिक लिहायचा, ती निळी. फ्लुरिन अठराचा झाला आणि स्केलेटन हवंच म्हणाला, त्या दिवशी मी ती त्याला दिली. वाटलं, अडवता येत नाही, तर निदान बाप तरी सोबत असू दे. ती त्याला पाठ आहे. कुठे काय करायचं हे तो दुसऱ्या कुणालाच विचारत नाही.

शेवटचं पान मी त्याला देण्याआधी उतरवून घेतलं होतं. अपघाताच्या आदल्या संध्याकाळचं. तुमच्यासाठी इथे लिहिते:

गोठा. आखूड वाटतं. दोन गाडी-लांबी आधी उतरायचं. इग्नाट्सशी बोललो.

बघा, यात सगळं आलं. तुम्ही त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतंत, आधी उतर. त्याने लिहूनसुद्धा ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा उशीर केला. मी कधी बोलले नाही, पण या ओळीसाठी मी सतरा वर्षं तुमची ऋणी आहे. त्या दिवशी त्याला सावध करणारं कुणीतरी होतं.

फ्लुरिनने ठरवलंय की बापाने जे लिहिलं आणि केलं नाही, ते आपण करायचं. दोन गाड्या आधी. तो उशीर करणार नाही, इग्नाट्स. हेच तर हवं ना?

बार्बला

*

कूर, ५ फेब्रुवारी

इग्नाट्स,

माझ्या पत्राला उत्तर नाही. तुम्ही असं कधी केलेलं नाही.

आज दुपारी फ्लुरिनचा दुकानात फोन आला. एका बाईच्या डोक्याला रंग लावलेला, तशीच मी फोनवर उभी. खांदा काळानिळा झालाय, हेल्मेटला चीर गेली, नवीन मिळालंय, काळजी करू नकोस. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. मग तुमच्याबद्दल बोलला. म्हणे तुम्ही सलग तीन दिवस गोठ्यापाशी त्याला थांबवलंत आणि सांगितलंत, उशिरा उतर, सगळ्यांसारखा उतर. का ते मात्र सांगेनात. तो तुम्हाला म्हणाला,

"काका, बाबाला तुम्हीच आधी उतर म्हणालात ना? आता मला उशिरा म्हणताय. खोटं कुठल्या वेळी बोललात, तेव्हा की आत्ता?"

आणि तुम्ही फावडं उचलून चालते झालात.

लिनार्डनेही त्याला समजावून पाहिलं. फ्लुरिन म्हणतो, लिनार्डला वेळ दिसते, बाबाला भिंत दिसायची. या बाबतीत तो कुणाचं ऐकणार नाही. बापाची पाच वर्षं त्याच्या वाट्याला आली, ती त्याला धड आठवतही नाहीत. आहे ती ही वही.

मी केस कापणारी बाई आहे, मला वळणातलं कळत नाही. पण गिऱ्हाईक आरशात डोळे चुकवायला लागलं की मला कळतं. काय आहे?

बार्बला

*

चान्तुरा, ९ फेब्रुवारी

प्रिय बार्बला,

दुरीला आधी उतर असं मी सांगितलं नव्हतं. तो मला सांगायला आला होता की भिंत आखूड आहे.

आता सगळं क्रमाने लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा जमणार नाही.

त्या वर्षी गोठ्याच्या वळणाची शेवटची खुंटी गुरांनी उखडली होती. शरदातच, गुरं खाली उतरताना. मी आलो तेव्हा हिम पडून गेलेलं, मोजणीदार परत गेलेला. त्याला बोलवायचं तर चार दिवस जाणार. मी वयाच्या सतराव्या वर्षापासून ही वाट बांधत होतो. माझा डोळाच फीत आहे असं मी लोकांना सांगायचो, आणि लोक मानायचे. मी अंदाजाने खुंटी ठोकली आणि तिच्यावर भिंत उचलली. ती दोन पावलं आधी संपली.

सरावात सगळेच कुरकुरत होते, पण नव्या बर्फाला सगळेच कुरकुरतात. चूक नेमकी कुठे आहे हे फक्त दुरीला कळलं. आदल्या संध्याकाळी तो खोपटात आला, माझ्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, इग्नाट्स, तुझा गोठा दोन पावलं आखूड आहे, जाऊन मोज. मी चिडलो. चौघांसमोर बोलला म्हणून. मी म्हटलं, तू उशिरा पोचतोस म्हणून तुला आखूड वाटतो. तो हसला. पण तो गेल्यावर मी मोजलं. दोन पावलं. बरोबर दोन.

मी त्याच्या मागे गेलो आणि त्याला म्हणालो की सकाळपर्यंत भिंत वाढवून देतो. तेव्हा त्याने वहीत लिहून झालेलं असणार, नाहीतर पुढची ओळही लिहिली असती.

दोन पावलं भिंत वाढवायची तर सहा तास कडक थंडी लागते. त्या रात्री दक्षिणेचा कोमट वारा सुटला. थापलेलं हिम हातातून गळत होतं. पहाटे मी सोडून दिलं. स्पर्धाप्रमुखांकडे जाऊन सांगायचं होतं की भिंत चुकलीय, फेरी थांबवा. सांगितलं असतं तर जागतिक स्पर्धा माझ्या डोळ्यामुळे रद्द झाली असती. मी मनाशी म्हटलं, दुरीला माहीत आहे, तो आधी उतरेल.

पण मी वाढवून देतो म्हणालो होतो. सकाळी खेळाडूंचा ट्रक वर जाताना गोठ्यावरून गेला. दुरी मागे उभा होता, सगळ्यांत आधी तोच सुटणार होता. त्याने भिंतीकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. झालं का? मी हात वर केला.

ओळख दाखवायला हात वर केला असं मी सतरा वर्षं स्वतःला सांगत आलोय. तसं नव्हतं. त्याने काय विचारलं ते मला कळलं होतं, आणि मी हो म्हणालो.

तो पूर्ण भिंत धरून आला. उशीर त्याने केला नाही. जिथे भिंत असायला हवी होती, तिथे ती नव्हती.

स्पर्धा थांबली. त्या रात्री मात्र कडाका पडला. फुटलेला काठ दुरुस्त करायचा म्हणून मी परवानगी घेतली आणि दोन पावलं भिंत वाढवली. दुसऱ्या दिवशी समितीने मोजलं तेव्हा सगळं मापात होतं. मार्चमध्ये ती भिंत वाहून गेली. त्यानंतर ती कुठेच नव्हती. माझ्या डोक्यात होती आणि, मला माहीत नव्हतं, त्या वहीत होती.

आता समजलं असेल. तुझा मुलगा रोज त्या भिंतीवरून उतरतो, जी एकाच हिवाळ्यात होती. मी या पोराला बघत नव्हतो, मी तीच भिंत बघत होतो. पान वाचलं त्या क्षणी मला हे कळलं, आणि मी नऊ दिवस घेतले. त्यात एक दिवस असाही होता की मी रंधा घेऊन गोठ्यापाशी गेलो, भिंत पुन्हा दोन पावलं आखूड करायला. दोन तासांचं काम. फ्लुरिन स्वच्छ उतरला असता आणि मला कुणाला काही सांगावं लागलं नसतं. बाकीचे एकवीस जण मनात आले ते रंधा टेकवल्यावर, आधी नाही. हेही तुला माहीत असू दे.

माझं तो ऐकणार नाही. का ऐकावं? मी उशिरा उतर म्हणतो, आणि त्याच्या बापावर उशिराचा शिक्का माझ्यामुळेच बसलाय. तुझं ऐकेल. सरावाची शेवटची फेरी परवा ११ तारखेला आहे. हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून कास्सियानला टपालगाडीवर पाठवतो. खिंडीतून हिम सरकलंय म्हणतात. रस्ता चालू असेल तर पोचेल.

इग्नाट्स टेल्सर

*

चान्तुरा, १२ फेब्रुवारी, संध्याकाळ

श्री. टेल्सर यांस,

तुमचं पत्र मला काल दुपारी मिळालं, तेव्हा सरावाची शेवटची फेरी होऊन गेलेली होती. आज पहिल्या आगगाडीने आले. खानावळीच्या मालकिणीकडे ही चिठ्ठी ठेवते, कारण आज तुमचं तोंड बघायची माझी तयारी नाही.

तुम्ही सतरा वर्षं घेतलीत, ती मी नंतर मोजेन. हे नऊ दिवस मी मोजलेत. त्यात सरावाचे चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्याला नवं काही शिकता आलं असतं.

फ्लुरिन स्टेशनाजवळच्या शेडमध्ये पात्यांना बारीक कागद मारत होता. मला बघून त्याचा हात थांबला नाही, फक्त म्हणाला, तू तर येणार नव्हतीस. मी बाकावर बसले आणि तुमचं पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. तो घासत राहिला. ट्रक आणि हाताची ओळ आली, तेव्हा कागदाचा आवाज बंद झाला. मी शेवटपर्यंत वाचलं. मग तो म्हणाला,

"बाबा बरोबर होता म्हणजे."

मी म्हटलं, "हो. म्हणूनच तू त्याच्यासारखं उतरायचं नाहीस."

आईने मुलाला असं काही सांगावं लागू नये. बापाच्या हातची एकच वही त्याच्याकडे होती, आणि मी त्याला सांगत होते की तिचं शेवटचं पान वितळलेल्या बर्फाबद्दल आहे. वही त्याने माझ्याकडे परत दिली नाही. आतल्या खिशात ठेवली.

मग तो ट्रॅककडे गेला. मी रस्त्यावरून पाहिलं. गोठ्यापाशी उतरून त्याने भिंतीच्या टोकापासून मागे दोन पावलं टाकली, तिथे उभा राहिला, पुन्हा टोकापर्यंत गेला, पुन्हा मागे. असं किती वेळा ते मला माहीत नाही. प्रकाश जाईपर्यंत. त्याच्या बाजूला दुसरं कुणी चालत नव्हतं, हे मी नीट बघितलं. तरी मध्येच एकदा तो बाजूला सरकला, वाट द्यावी तसा.

लिनार्डने त्याला सांगितलं की माघार घेतली तर कुणी नाव ठेवणार नाही. तो नाही म्हणाला. माझ्याशी खोटं बोलला नाही, एवढं बरं. म्हणाला, आई, तिथे विचार करायला वेळच नसतो. तीन सेकंदांचं वळण, खांदे आपोआप दाबले जातात, आणि वही मिळाल्यापासून रोज घरी जमिनीवर पालथा पडून, डोळे मिटून, ते एकाच ठिकाणी दाबायला मी त्यांना शिकवलंय. उद्या ते कुणाचं ऐकतील ते मला उद्याच कळेल.

आता तुमच्यासाठी.

उद्या सकाळी ती भिंत रोजच्यासारखी तासा. रोजच्यापेक्षा बोटभरही जास्त नाही. त्याला सोपं व्हावं म्हणूनसुद्धा नाही. ट्रक वर जाईल तेव्हा तुम्ही गोठ्यापाशी असाल, ते तुमचं काम आहे. हात खिशात ठेवा.

समितीच्या अध्यक्षांना मी आज भेटले. वयस्कर गृहस्थ आहेत, दुरीची फेरी त्यांनी खालून पाहिली होती. बर्फ बांधणाऱ्या मुकादमाला जुन्या अहवालाबद्दल जबाब द्यायचा आहे, एवढंच मी सांगितलं. त्यांनी उद्या दुपारी तीनची वेळ दिली, शाळेच्या वरच्या खोलीत. पत्र माझ्याकडे आहे. तुम्ही आला नाहीत तर मी वाचीन. पण ते तुमच्या तोंडून व्हावं आणि त्या तीन ओळी तुमच्या सहीने खोडल्या जाव्यात.

पहिली गाडी नऊला सुटणार. फ्लुरिन अकरावा आहे, म्हणजे साडेनऊच्या आसपास तो गोठ्यात शिरेल. मी उजव्या काठावर, दोरीच्या मागे उभी असेन.

साडेनऊला काहीही झालं, तरी तीनला या.

बार्बला काफ्लिश